टँकरची वाट बघणाऱ्या मॅनेजरबाई

मॅनेजरबाईंना वाट बघता येत नसे. म्हणजे अजिबातच नसे. कुकरच्या शिट्टीला उशीर झाला तर त्या कुकरवर ओरडत. लिफ्ट आली नाही की दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर जात आणि वर पोचल्यावर रिकाम्या लिफ्टला चार शब्द सुनावत. आमच्या जयपुरात लग्नाला जायचं म्हणजे सहनशक्तीची परीक्षाच. पत्रिकेत आठ छापलेलं असतं आणि वरात बँडबाजासकट दहा-अकराला येते. मॅनेजरबाई आठच्या ठोक्याला हजर! तेव्हा मांडवात फक्त खुर्च्या पुसणारी माणसं असायची. बाई थेट आत जाऊन नवरीच्या हातात पाकीट ठेवत, आचाऱ्याकडून काहीतरी गरमागरम मागून खात आणि नवरदेव दाराशी यायच्या आत घरी येऊन झोपतसुद्धा. कुणी नावं ठेवलीच तर म्हणत, "नवरदेव काय माझ्यासाठी घोड्यावर बसलाय होय?"

त्यांचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. कोल्हापूरकडच्या. बँकेत नोकरी, गावोगावच्या बदल्या, शेवटची बदली जयपूरला, आणि इथल्याच एका शाखेत मॅनेजर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," असं त्या सांगत, ते गॅसवर दूध ठेवायचं राहून गेलं तितक्याच सहज. निवृत्तीनंतर परत का गेला नाहीत, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, "इथली हवा कोरडी हाय, गुडघ्याला मानवतीया." प्रतापनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये त्या खालच्या मजल्यावर, आम्ही वर. माझा नवरा विमा कंपनीतला, बदलीवर इथं आला आणि इथलाच होऊन गेला. आमच्या घरात मराठी म्हणजे निम्मी हिंदीच. माझा मुलगा "आई, मतलब ऐक ना" असं बोलतो. त्याला बाईंचं कोल्हापुरी "मी जातो, मी येतो" ऐकून लहानपणी वाटायचं, मॅनेजर झालं की बायका असंच बोलत असतील.

मी जयपुरातच, झालाना भागात, एका सरकारी कार्यालयात काम करते. आमच्या विभागात गरिबीवर काम चालतं, म्हणजे गरिबीवर कागद तयार होतात. एकदा मी घरी एक मसुदा तपासत बसले होते. गरिबी पिढ्यान् पिढ्या का टिकते, असा विषय. बाई साखर मागायला आल्या आणि चष्मा लावून वाचायलाच बसल्या. शिक्षण नाही, कौशल्य नाही, आरोग्य नाही, बचत नाही, अशी कारणं लिहिलेली होती. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मीने, ही कारणं नव्हेत गं. ताप का आलाय, तर अंग गरम आहे म्हणून, असं झालं हे. शिक्षण का नाही ते लिही की." मी म्हटलं, "बाई, ते आमच्या विभागात येत नाही." "मग कुणाच्या विभागात येतंय?" मी त्यांना साखर देऊन वाटेला लावलं.

त्याच थंडीत आमच्या मराठी मंडळानं संक्रांतीला काहीतरी भरीव करायचं ठरवलं. दरवर्षी हळदीकुंकवाला आपण एकमेकींना स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून देतो. सगळ्यांच्या माळ्यावर त्याच वाट्या फिरून येतात. त्यापेक्षा यंदा सांगानेरच्या पुढच्या वस्तीतल्या बायकांना शिवणकाम शिकवू, मंडळाच्या हॉलमध्ये मशीन आणून ठेवू, तेच वाण. कल्पना चांगलीच होती, उगाच कशाला नाही म्हणू? वर्गाची वेळ ठरली दुपारी तीन. घरचं आवरून, जेवणं उरकून बाईमाणूस मोकळं होतं ती वेळ. आम्हा सगळ्यांच्या घरी ती तशी असते, तेव्हा कुणाच्या मनातही शंका आली नाही. पहिल्या दिवशी बऱ्याच बायका आल्या. फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये मशीन होती, शिकवायला आलेली बाई होती आणि चहाचा थर्मास होता. शिकायला कुणीच नव्हतं.

अध्यक्षीणबाई चिडल्या. "इतकं करा, पण यांना शिकायचंच नसतं. म्हणून तर अशा राहतात." सगळ्यांनी माना हलवल्या. मॅनेजरबाई तेव्हा तिळाची वडी खात होत्या. ती त्यांनी तशीच ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन विचारलंत?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात?" "मग मी विचारून येतो." आणि माझ्याकडे वळून, "चल गं मीने, रिक्षा कर." वडी अर्धी तशीच राहिली, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

वस्तीत ओळखीचं घर एकच, संतोषचं. संतोष म्हणजे बाई. आपल्याकडे पुरुषाचं वाटणारं हे नाव राजस्थानात घरोघरी बायकांचं असतं. ती आधी आमच्या बिल्डिंगमध्ये झाडू-फरशी करायची. सीतापुऱ्याच्या एका कपड्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर तिनं आमची कामं सोडली. आम्ही सगळ्याजणी "आता बाई मिळणार कुठे" म्हणून सुतकात, आणि मॅनेजरबाईंनी मात्र बिल्डिंगभर पेढे वाटले होते. महिन्याचा पगार, फंड, सुट्टी! त्यांना वाटलं, चला, एक घर तरी वर आलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळत होती. बघते तर काय, गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक बाई नाहीतर पोरगी उंबऱ्यावर बसलेली. दारापुढे निळे ड्रम. कुणी काही करत नव्हतं. आमच्या कार्यालयातला माणूस असता तर त्यानं सरळ लिहिलं असतं, रोजगार नाही. संतोषच्या दारात तिची मुलगी पूजा होती. दहावीतली पोर, शाळेच्या वेळात घरी. बाईंनी आपल्या त्या खास कोल्हापुरी हिंदीत विचारलं, "स्कूल नहीं गयी? क्यों बैठी है इधर?"

"टँकर आएगा, दादी."

"कब आयेगा?"

"पता नहीं. सुबह भी आता है, दोपहर में भी. कभी आता ही नहीं."

हळूहळू सगळं कळलं. आधी पूजाची आजी घरी बसून टँकर बघायची. ती दिवाळीत गेली. बाप सांगानेरच्या छपाईच्या कारखान्यात रोजंदारीवर, गेला नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. संतोषच्या कारखान्याचं फाटक नऊला बंद होतं, पुन्हा उशीर झाला तर नोकरी जाणार असं तिला बजावलेलं. राहिली पूजा. टँकर चुकला की दोन-तीन दिवस घरात प्यायला पाणी नाही. तेव्हा एकतर आईची नोकरी, नाहीतर पोरीची दहावी. परीक्षा मार्चमध्ये होती आणि घरात निर्णय जवळपास झालाच होता. पूजा अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मी का पगार ज़रूरी है ना." मला गलबलून आलं. मॅनेजरबाईंना राग आला. त्यांना काहीही झालं तरी आधी रागच यायचा.

शेजारच्या दारातल्या विमलाला त्यांनी विचारलं, "सगळ्यांनी कशाला बसायचं? एकजण बैठो, सबका भरो, बाकीके काम पे जाओ." विमला खळखळून हसली. "मॅनेजरजी, पानी के मामले में सगी बहन का भरोसा नहीं." टँकरमध्ये पाणी सगळ्यांना पुरत नाही. जी बसते ती आधी आपलं भरते, मग आपल्या जावेचं. गेल्या उन्हाळ्यात यावरून एकीचं डोकं फुटलं होतं. खोटं कशाला बोलू, तिच्या जागी मी असते तर मीही कुणावर विश्वास ठेवला नसता.

  परतताना रिक्षा घराजवळ आली तेव्हा बाई बोलल्या, "त्या बसलेल्या नव्हेत गं मीने. त्या ड्यूटीवर आहेत. बिनपगारी. एका टँकरनं अख्खी गल्ली दाराला बांधून ठेवलीया, आणि आपण विचारतोय शिवण शिकायला का येत नाही! यांचा वेळ फुकटचा, असं सगळ्यांनी धरून चाललंय. तिथंच सगळं मुरतंय बघ."

पुढचे काही दिवस त्या पाण्याच्या कार्यालयात जाऊन बसल्या. साहेब चांगला होता, चहा द्यायचा. "मॅडम, रूट तो ड्राइवर देखता है," म्हणायचा. ड्रायव्हर म्हणायचा, साहेब सांगतील तिकडे जातो. पाइपलाइन मंजूर आहे, असंही कळलं. मंजूर म्हणजे काय, ते आमच्या कार्यालयात राहून मला चांगलं ठाऊक आहे. एका संध्याकाळी बाई वर आल्या, धपकन सोफ्यावर बसल्या. "तिकडं माझी डाळ शिजंना. अन् पूजाची परीक्षा काय त्या साहेबासाठी थांबणार हाय?"

"मग आता?"

"आता काय? मी बसतो."

मी हसलेच. कुकरसाठी न थांबणारी बाई टँकरसाठी बसणार! पण त्या म्हणाल्या, "हसतीस काय? जन्मभर खुर्चीत बसायचाच पगार घेतलाय मी. आणि आता माझा वेळ कुणाच्या कामाचा हाय? त्या पोरीचा हाय."

पहिला दिवस भयंकर गेला. त्यांना नव्हे, मला. सकाळपासून त्यांचे फोन. "अजून आला नाही!" मी म्हणजे टँकरची मालकीण असल्यासारखं. थोड्या वेळानं, "ही काय पद्धत झाली?" मग, "मीने, मला वेड लागायलंय." रस्त्यापर्यंत चकरा मारून गुडघे सुजले. टँकर संध्याकाळी आला. बाईंनी आधी ड्रायव्हरला झाडलं, मग संतोषचे ड्रम भरून घेतले, आणि घरी येऊन ज्या आडव्या झाल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत. मी ताट घेऊन खाली गेले, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाल्या, "गरिबाला आळशी म्हणणाऱ्याला एकदा तिथं बसवा. बसून बसून माणूस कसा दमतोय, ते कळंल." मला वाटलं, संपलं, उद्या काही या जात नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला छत्री घेऊन निघाल्यासुद्धा! पूजा शाळेत गेली. त्या दिवशी मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की ऑफिसात उगीचच सगळ्यांना सांगत सुटले.

मग विमलाला कुठेतरी जायचं होतं. ती म्हणाली, "मॅनेजरजी, मेरा भी देख लेना." परत आली तर तिचेही ड्रम भरलेले. तिथून ते सुरू झालं. याचं कारण अगदी साधं होतं, पण लक्षात यायला मलाही वेळ लागला. त्या गल्लीत मॅनेजरबाईंचा स्वतःचा ड्रम नव्हता. त्यांना जाऊ नव्हती, बहीण नव्हती, कुणाशी जुनं भांडण नव्हतं. सगळ्यांवर सारख्याच खेकसत. त्यांनी नियम घातला, आधी प्रत्येक घराचा एक ड्रम, मग उरलं तर दुसरा. पुढच्या दिवशी मागच्या टोकाकडून सुरुवात. कुणी मध्ये घुसलं की, "ए! बँक में भी ऐसेइच घुसती क्या?" त्या बायकांपैकी कितीजणी बँकेत गेल्या असतील कोण जाणे, पण मागे सरकत.

एकेक उंबरा मोकळा व्हायला लागला. विमला छपाईच्या कारखान्यात जायला लागली. शिवणाच्या वर्गाला बायका येऊ लागल्या, नुसत्या आल्याच नाहीत तर मशीन कमी पडली. अध्यक्षीणबाई मंडळात म्हणाल्या, "बघा, जागृती व्हायला वेळ लागतो." मी मॅनेजरबाईंकडे बघितलं. आता फुटणार, म्हणून जीव मुठीत धरून बसले. पण त्या बटाटेवडा खात होत्या आणि त्यांनी तो पूर्ण संपवला.

गणिताच्या पेपरचा दिवस. त्याआधी दोन दिवस टँकरच आलेला नव्हता. आला तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसंही कळश्या घेऊन धावली. एकच रेटारेटी झाली, आणि पाइप धरून उभ्या असलेल्या बाई ओल्या फरशीवर आपटल्या. विमलाची सासू तेव्हा गावाहून काही दिवस राहायला आलेली होती, तिनं बाईंच्याच फोनवरून मला कळवलं. झालान्याहून तिथवर रिक्षात मी देवाला काय काय बोलले असेन ते त्यालाच ठाऊक. पोचले तर बाई सावलीत खाटेवर, चेहरा पांढराफटक, पाय हलवता येत नव्हता. मला बघताच पहिलं वाक्य, "पूजाला कळवलंस तर बघ. तिचा पेपर चाललाय. माझं हाड कुठं पळून चाललंय?"

"संतोषला तरी?"

"तिचा अर्धा दिवस कापतील. गप बस."

अँब्युलन्स यायला वेळ लागत होता. तेवढ्यात एक गोष्ट घडली, ती मी स्वतः पाहिली. बाई पडल्यावर ड्रायव्हरनं घाबरून पाणी बंद केलं होतं, टँकर तसाच उभा होता, आत पाणी होतं, आणि मॅनेजर खाटेवर पडलेली होती. आता लूट होणार, असं मला वाटलं. विमलाच्या सासूनं पाइप उचलला आणि भरायला सुरुवात केली ती शेवटच्या टोकाच्या घरापासून, कारण त्या दिवशी पाळी तिकडून होती. तिथल्या दाराला कुलूप होतं. तरी त्यांचा ड्रम आधी भरला. मग पुढचा. संतोषचा. तिचा स्वतःचा नंबर आला तेव्हा टँकर तळाला गेला होता, तिला अर्धाच ड्रम मिळाला.  बाई खाटेवरून बघत होत्या. इतक्या दुखण्यात हसल्या आणि म्हणाल्या, "बघितलंस? मॅनेजरशिवाय ब्रँच चालू झाली."

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी पूजा शाळेच्या कपड्यातच दवाखान्यात आली, रागानं लाल झालेली. "मुझे क्यों नहीं बताया, दादी?"

"पेपर कैसा गया?"

"अच्छा गया."

"मग झालं की!" बाई म्हणाल्या. पूजानं पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. बाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "हिला आधी काहीतरी खायला घाल, सकाळपासून उपाशी असणार." आम्हाला दोघींनाही खायला घातलं ते शेवटी नर्सनं, कारण मीही रडत होते.

ऑपरेशननंतर एकटीनं राहणं शक्य नव्हतं. कोल्हापूरहून पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. निघायच्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका बिल्डिंगखाली जमल्या, कामावरून परस्पर आलेल्या, कुणाच्या दुपट्ट्याला छपाईचा रंग, कुणाच्या केसांत दोऱ्याचे तुकडे. संतोषनं पाया पडून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. बाईंनी तिला मध्येच तोडलं, "रोने का नहीं. सुबह फाटक बंद होगा, जा, सो जा घर जाके." मला म्हणाल्या, "येतो गं." मी म्हटलं, "या." 

नंतर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "टँकर कधी आला?" टँकरला अजूनही वेळ नव्हती. पाइपलाइन अजूनही मंजूरच होती. पण बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. रोज एक घर बसायचं, बाकी सगळी कामाला. पूजा पास झाली, अकरावीला गेली. मी मोठ्या कौतुकानं तिचे मार्क सांगायला लागले, तर बाई म्हणाल्या, "मार्क राहू देत, बारावीला तिला कुणी घरी बसवणार नाही ना, ते बघ." पुतण्या सांगायचा, आत्याला आता फार बोलू देऊ नका, धाप लागते. त्यांना गप्प कोण बसवणार?

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेल्या. मी रजा टाकली. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती, गल्लीत जाऊनच सांगायला हवी होती. संतोषला, विमलाला, पूजाला. काय बोलायचं, कसं सुरू करायचं, ते रिक्षात मनाशी जुळवत गेले.

भर दुपार होती. गल्लीत शिरले आणि थांबलेच. सगळ्या दारांना कुलपं. उंबऱ्यांवर कुणी नाही. संतोषकडे कुलूप, विमलाकडे कुलूप. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, दोनदा कड्या वाजवल्या, कुणी ओ दिली नाही. शेवटच्या दारात एक नवी भाडेकरीण बाळाला मांडीवर घेऊन टँकरची वाट बघत बसली होती, त्या दिवशीची पाळी तिची होती. तिनं मॅनेजरबाईंना कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "सब कहाँ गए?"

"काम पे. बच्चे स्कूल. शाम को आओ दीदी, दिन में इस गली में कोई नहीं मिलता."

मी मट्‌कन तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. हसूही येत होतं. ती बिचारी घाबरली. "कोई बुरी ख़बर है क्या?"

बातमी वाईटच होती. पण ती ज्यांना सांगायची, त्यांतलं कुणीसुद्धा घरी नव्हतं, आणि हे मला त्या क्षणी फक्त मॅनेजरबाईंना फोन करून सांगायचं होतं.